मायच्या टाचेसाठी चपलेतला आधार

पत्र असं आहे:

"ताई, नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ माझं चप्पल-बूट दुरुस्तीचं दुकान आहे. काम वडिलांपासूनचं, हात बसलेला आहे. माझी माय पन्नाशीची. निंदण, वेचणी, सगळं करते. दिवाळीपासून तिची उजवी टाच सकाळी उठल्याबरोबर इतकी दुखते की भिंत धरून न्हाणीपर्यंत जाते. दहा-वीस पावलं चालली की मोकळं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणकते. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून टाचेचं हाड वाढलं म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. नागपुरात एका ठिकाणी कॉम्प्युटरवर पाय पाहून सोल बनवायचे सात हजार सांगितले. म्हणून मी मोबाईलवर पाहून टायरच्या रबराचा उंचवटा कापला आणि तिच्या स्लिपरमध्ये पावलाच्या खळग्याखाली चिकटवला. दोन दिवसांत फोड आला, दुखणंही वाढलं. माय म्हणते, राहू दे बाबू. माझं काय चुकलं? हे काम माझ्यासारख्याला जमेल का? शेजारच्या पाच वर्षांच्या पोराचे पाय सपाट आहेत, त्याची आई त्याच्याही बुटात असं काही बसवून मागते. देऊ का?"

भाऊ,

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. हो, तुम्हाला जमेल. मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत मी पायाचे आधार बनवण्याचं हे काम शिकले, तेव्हा आमच्या वर्गात कोणालाच चामडं कापायची रापी नीट धरता येत नव्हती. रबराचा काठ कागदाएवढा पातळ तासत न्यायचा आणि पायाला कुठे पायरी लागू द्यायची नाही, एवढं शिकण्यात आमचे कित्येक महिने गेले. तुमच्या हाताला ते येतं. तुम्हाला शिकायचंय ते पावलाच्या आत काय चालतं हे, आणि ते मी सांगते.

मायचं दुखणं तुम्ही फार नेमकं लिहिलंय. सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट, मग मोकळं, दिवसभराच्या कामानंतर पुन्हा ठणका. तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं बहुतेक वेळा असंच असतं. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा हा एक चिवट पट्टा. मायला पलंगावर बसवा, तिच्या पायाचा अंगठा वर ओढा आणि तळव्यावरून बोट फिरवा, ताणलेल्या दोरीसारखा हाताला लागेल. टाचेच्या पुढच्या काठाला, आतल्या बाजूला दाबलं की माय पाय ओढून घेत असेल, तर दुखण्याची जागा तीच.

एक्स-रेतल्या वाढलेल्या हाडाने घाबरू नका. तसं टोक टाच कधीच न दुखलेल्या माणसांच्या एक्स-रेतही सापडतं. ते काढून टाकल्याशिवाय मायला बरं वाटणार नाही, असं नसतं. बहुतेकांचं हे दुखणं वर्षभरात ओसरतं. पण ज्या बाईला रोज वावरात जायचंय तिला वर्षभर भिंत धरून चाल म्हणणं मला पटत नाही. तुम्हालाही पटलं नाही म्हणून तुम्ही रबर कापलं, आणि ते चांगलं केलंत.

आता तुमचं कुठे चुकलं ते सांगते.

पावलाची कमान म्हणजे हाडांचं धनुष्य, आणि हा पट्टा त्याची दोरी. आपण चालताना मागची टाच उचलतो, अंगठा वरच्या बाजूला वाकतो, तेव्हा ही दोरी अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळली जाते, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला जातो तशी. दोरी आखडते, कमान उचलली जाते आणि पाऊल जमिनीला रेटा द्यायला ताठ होतं. हिक्स नावाच्या डॉक्टरांनी 1954 मध्ये हे नीट मांडून दाखवलं. तुम्ही टायरचं कडक रबर ठेवलंत ते या दोरीच्या बरोबर मधोमध. दोरी ताणली गेली की त्या रबरावर आपटत होती. धनुष्याला खालून टेकू हवा होता, पण तो दोरीलाच लागला.

दुसरी चूक जागेची. पत्रात तुम्ही "पावलाच्या खळग्याखाली" लिहिलंय. नवीन काम करणारे जवळजवळ सगळेच उंचवटा जास्त पुढे बसवतात, कारण डोळ्याला खळगा पावलाच्या मध्यावर दिसतो. आधार लागतो तो त्याच्या मागे. मायच्या आतल्या घोट्याच्या थोडं पुढे आणि खाली हाडाचा एक उंचवटा हाताला लागेल. त्याला नॅव्हिक्युलर म्हणतात, नावाड्याच्या होडीसारखं हाड. आधाराचा सर्वांत उंच भाग या हाडाच्या खाली किंवा बोटभर मागे हवा. तिथून मागे तो टाचेच्या वाटीत मिसळला पाहिजे. पुढे तो उतरत जाऊन अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापूर्वी बोटभर अंतरावर संपला पाहिजे. सांध्याखाली गेला तर अंगठा मुडपायला जागा उरत नाही आणि माय पाय बाहेर फेकत चालू लागते.

तिसरी चूक स्लिपरची. हवाई चप्पल पायाला धरून ठेवत नाही. ती निसटू नये म्हणून माणूस बोटं आवळून चालतो, पाऊल चपलेवर पुढे-मागे सरकतं आणि आधार कधी कमानीखाली येतो, कधी टाचेखाली. फोड त्या सरकण्याने आला. मागे पट्टा नसलेल्या चपलेत आधार बसवू नका, कोणी कितीही मागितला तरी.

हे काम कमानीपासून सुरू करायचं नसतं, टाचेपासून करायचं. टाचेखाली चरबीची एक गादी असते. वय आणि ओझं वाढलं की ती बाजूला पसरते आणि हाड जमिनीच्या जवळ येतं. टाच वाटीत बसली तर ती गादी हाडाखालीच राहते, टाच आत कलंडत नाही आणि कमानही कमी खचते. मला दोन तास मिळाले तर मी दीड तास टाचेवर घालवते.

मोजमाप असं घ्या. मायला खुर्चीवर बसवा, गुडघा घोट्याच्या बरोबर वर, पाऊल जमिनीवर हलकं टेकलेलं. त्या नॅव्हिक्युलर हाडावर बॉलपेनने ठिपका द्या. पोस्टकार्डासारखा कडक कागद शेजारी उभा धरून ठिपक्याची जमिनीपासूनची उंची त्यावर खूण करा. मग मायला दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभं करा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांतलं अंतर म्हणजे कमान किती खचते ते. साधारण 10 मिलिमीटरपर्यंत खचणं हा चालणाऱ्या पायाचा स्वभाव आहे. त्याहून बरंच जास्त असेल तर पाय जास्त आत कलंडतोय. दोन्ही पायांचं मोजा, दुखत नसलेल्या पायाचंही.

मग कागदावर पावलाची रेघ काढा. पेन्सिल सरळ उभी धरा, पावलाखाली तिरकी जाऊ देऊ नका, नाहीतर आतला काठ चुकतो. गुण्या लावून नॅव्हिक्युलरचा ठिपका आणि अंगठ्याचा सांधा खाली कागदावर उतरवा. ओल्या पायाने सिमेंटच्या ओट्यावर ठसाही घेऊन पाहा. आतल्या बाजूला खाच जवळजवळ नाहीच असा ठसा आला तर पाऊल सपाट. टाच आणि पुढचा भाग यांना जोडणारी पट्टी अगदी बारीक असेल तर कमान उंच. उंच कमानीच्या पायालाही हेच दुखणं होतं. तो पाय आधीच ताठ असतो, म्हणून त्याला रेटणारा आधार देऊ नका, भरपूर मऊ आणि सगळीकडे सारखं टेकणारं द्या.

उंचीबद्दल माझी पद्धत सांगते. बसलेल्या पावलाची पोकळी पूर्ण भरायची नाही. मायची कमान 8 मिलिमीटर खचत असेल तर उभ्या पावलाची जी जागा आहे तिथून 4 मिलिमीटरच उचला. नंतर दोन-दोन मिलिमीटरचा थर वाढवता येतो. एकदम उंच बसवलेला आधार घेऊन माणूस परत येत नाही, चप्पल कोपऱ्यात टाकतो. तुमची माय म्हणाली ना, राहू दे बाबू. माझ्याकडे येणारे फार जण हे न बोलताच करतात.

सामान ईव्हीएचं घ्या. स्पोर्ट बुटांच्या तळव्यात असतं ते हलकं, बंद बुडबुड्यांचं फोम. नागपूर-अमरावतीच्या चप्पल-सामानाच्या दुकानात पत्र्यांमध्ये मिळतं, जाडीप्रमाणे आणि कडकपणाप्रमाणे. कडकपणा शोअर या मापात सांगतात. आधारासाठी 40 ते 45 शोअरचं हवं, अंगठ्याच्या नखाने दाबलं तर खूण उठते आणि लगेच भरून येते. पायाला लागणारा वरचा थर 20-25 चा, मऊ. मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसेल, तर दुकानदाराला कडक आणि मऊ असे दोन तुकडे मागा आणि हाताने पारखा. टायरच्या रबराची जागा या दोन्हीत नाही, ती सगळ्यात खाली आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

करायचं असं. ईव्हीएचा 12 मिलिमीटरचा कडक पत्रा रेघेप्रमाणे कापा. टाचेच्या भागात ग्राइंडरच्या चाकावर 5 मिलिमीटर खोल वाटी काढा, कडा गोल ठेवा. पुढचा भाग तासून 4-5 मिलिमीटरवर आणा. कमानीचा तुकडा वेगळा कापा, खुणेवर ठेवा, आणि सोल्युशन लावण्याआधी नुसत्या चिकटपट्टीने बसवून मायला त्यावर उभं करा. तिला विचारा, काही टोचतं का. "काहीतरी आहे खाली" म्हणाली तर ठीक. "खडा आहे" म्हणाली तर जागा किंवा उंची चुकली. पक्कं करण्याआधी मी हे तीनदा तरी करते.

दोरी आठवते ना? मायचा अंगठा वर ओढून ती दोरी जिथे उठून दिसते तिथे तळव्यावर पेनने रेघ मारा. तिच्यासाठी आधारात बोटाच्या रुंदीची उथळ नाळ कोरा, जशी शेतात पाण्याला वाट काढून देतो तशी. आधार दोरीच्या आतल्या बाजूला, हाडांखाली लागला पाहिजे. एवढ्या एका कोरणीने तुमच्या पहिल्या जोडाने वाढवलेलं दुखणं टळलं असतं.

टाच आत कलंडत असेल तर टाचेखाली आतल्या बाजूला पाचर द्या. टाचेची रुंदी 60 मिलिमीटर धरली तर आतल्या काठाला 4 मिलिमीटर आणि बाहेरच्या काठाला शून्य, म्हणजे जवळपास 4 अंशांचा उतार होतो. सुरुवातीला त्याहून जास्त देऊ नका, गुडघा कुरकुर करतो. मायच्या मागे उभं राहून पाहा, पोटरीपासून टाचेपर्यंतची रेघ किती वाकते. सरळ असेल तर पाचर नकोच.

दुखरी जागा सुखतळ्यावर नेमकी कुठे येते हे कसं कळणार? टाचेच्या दुखऱ्या बिंदूला ओलं कुंकू लावा आणि मायला चप्पल घालून एकदा उभं करा. खूण उठेल. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा कडक थर काढून मऊ तुकडा भरा. वरून 3-4 मिलिमीटरचा मऊ थर पूर्ण लांबीला, बोटांपर्यंत लावा, म्हणजे कुठे जोड लागणार नाही.

हे झालं पायाच्या बाजूचं. खालची बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते, कारण शहरात बनलेले सुखतळे वावरात का टिकत नाहीत ते तिथे कळतं. तुमची माय बूट घालत नाही. सोयाबीन काढलेल्या वावरातली धसकटं मऊ तळव्यातून आरपार जातात. पावसाळ्यात काळी माती चपलेला इतकी चिकटते की पाव किलोचं ओझं पायाला होतं, आणि बाया चप्पल धुऱ्यावर काढून अनवाणी कामाला लागतात. म्हणजे नेमकी आधाराची गरज असते तेव्हा आधार धुऱ्यावर पडलेला असतो. म्हणून मायसाठी सुखतळा वेगळा बनवू नका, सँडलच बनवा. मागे बकलचा पट्टा, पुढे बोटांवरून रुंद पट्टा, अंगठ्याची पट्टी नको. सगळ्यात खाली टायर. तुमचं रबर इथे वापरा. खाचा उथळ आणि रुंद ठेवा म्हणजे गारा अडकून राहणार नाही, काडीने निघेल. चामड्याचा वरचा थर पावसाळ्यात कुजतो, त्यापेक्षा धुता येईल असं ईव्हीए उघडं राहिलेलं बरं. पट्टे लावताना आधाराची जाडी धरून मोजा. नेहमीच्या मापाचा पट्टा लावला तर वरून पाय करकचून बसतो आणि दोष आधाराला जातो.

आणि उन्हाळ्यात जपा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो. टिनाच्या छपरावर वाळत टाकलेली ईव्हीएची चप्पल आकसते, आकसली की पुन्हा मूळ मापात येत नाही. धुऊन सावलीत वाळवायला सांगा.

नवा जोड पहिल्या दिवशी घरातच तासभर घालू द्या. रोज एक तास वाढवा. दोन आठवड्यांनी वेचणीला. रोज काढल्यावर तळवा पाहा. लाल खूण अर्ध्या तासात गेली पाहिजे. राहिली तर तिथे तासा.

नागपूरच्या सात हजारांबद्दल. मेलबर्नमध्ये 135 जणांवर झालेली एक चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. हेच दुखणं असलेल्यांपैकी काहींना मापाने बनवलेले आधार दिले, काहींना तयार मिळणारे, काहींना नुसता पातळ मऊ फोम. तीन महिन्यांनी तयार आणि मापाचे दोन्ही आधार फोमपेक्षा थोडे सरस ठरले, पण त्या दोघांत फारसा फरक नव्हता. वर्षाने तिन्ही गट जवळपास सारखे. मी स्वतः मापाने बनवते, तरी हे तुम्हाला सांगते. साध्या टाचदुखीसाठी कर्ज काढून कॉम्प्युटरचा सोल घेऊ नका. मापाचं काम वाकडा, जखमी, लुळा, तयार मालात न बसणारा पाय असेल तिथे खरं उपयोगी पडतं. मायच्या बाबतीत मापाचं मोल एवढ्यासाठी की तिच्या वावरात चालेल अशी आधाराची सँडल तयार मिळत नाही.

आधार दुखणं हलकं करतो, पट्टा बळकट करत नाही. ते व्यायामाने होतं आणि तो फुकट आहे. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी मायने उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्यायचा, हाताने बोटं नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दुखणं थोडं कमी झालं की पायरीवरचा व्यायाम. ओट्याच्या काठावर उभं राहून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, टाच तीन आकड्यांत वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यांत खाली. दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमलं की एकावर. माय म्हणेल की वावरात काय कमी चालते मी. तिला सांगा की चालण्याने पट्टा थकतो, आणि हा व्यायाम त्याला ओढ सोसायला शिकवतो.

आता एक गोष्ट, जी माझ्या हातून घडली आणि जी मी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगते. कामाला लागून तीन वर्षं झाली होती. एक शेतकरी काका सपाट पाय घेऊन आले. मी सुंदर, कडक, उंच आधार बनवला. काका खूश. काही टोचत नाही म्हणाले. पंधरा दिवसांनी आले तेव्हा कमानीखाली जखम होती, खोल, आणि त्यांना ती मोजा ओला झाला म्हणून कळली होती. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह होता. टोचत नाही याचा अर्थ आधार बरोबर आहे असा मी घेतला, खरं तर पायाला काही कळतच नव्हतं. मी विचारलं नव्हतं. जखम भरायला चार महिने लागले. पेरणी दुसऱ्यांनी केली.

म्हणून मोजमापाआधी प्रत्येकाला विचारा: साखर आहे का, पायाला मुंग्या येतात का, चप्पल पायातून निघून गेलेली कळत नाही असं होतं का, अंगावर बधिर चट्टा आहे का. डोळे मिटायला सांगून कापसाचा पीळ तळव्याला ठिकठिकाणी लावून पाहा. कापसाला तुमच्याकडे तोटा नाही. एवढ्याने निदान होत नाही, डॉक्टरांकडे 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तारेची तपासणी असते, पण शंका घेण्यापुरतं कळतं. बधिर पायाला कडक उंचवटा कधीच नाही. त्याला सगळीकडे सारखा टेकणारा मऊ तळवा लागतो, आणि तो डॉक्टर व ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे आधार बनवणारा शिकलेला तज्ज्ञ, यांच्या देखरेखीखालीच. 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरची कुष्ठरोग्यांची वसाहत उभी राहिली, मग वरोऱ्याला आनंदवन. कुष्ठरोगाने बधिर झालेलं पाऊल आपल्या भागाने फार जवळून पाहिलंय. वेल्लोरला पॉल ब्रँड या डॉक्टरांनी दाखवून दिलं की बधिर पायाच्या जखमा रोगाने आपोआप होत नाहीत, न कळलेल्या दाबाने होतात. त्यातूनच एमसीआरच्या, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या 15 शोअरच्या मऊ रबराच्या चपला देशभर पोचल्या. आज तेच रबर मधुमेहाच्या चपलांमध्ये असतं. तुमच्या गावातले साखरेचे रुग्णही "भाऊ, टाचेला काहीतरी बनवून द्या" म्हणत तुमच्याकडे येतील. त्यांना आधी दवाखान्यात पाठवा.

आणखी काही जणांना परत पाठवायचं: रात्री झोपेतही दुखतं, टाच सुजली किंवा गरम आहे, ताप आहे, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, किंवा तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्धा-एक तास धरते. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी विभाग असतो. भारतात प्रोस्थेटिस्ट (कृत्रिम हात-पाय बनवणारे) आणि ऑर्थोटिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे 1992 च्या कायद्याने होते. तुम्ही आरामाची, आधाराची चप्पल जरूर बनवा. दुखण्याचं नाव सांगणं त्यांच्यावर सोडा, पाटीवर "टाचदुखीवर इलाज" लिहू नका. डॉक्टरांनी लिहून दिलं तर त्याप्रमाणे बनवा आणि कामाचे पैसे पूर्ण घ्या. चार तासांच्या कामाचे पट्टा शिवण्याएवढे पैसे मागितलेत, तर हे काम तुमच्या दुकानात टिकणार नाही.

पोराचं सोपं आहे. देऊ नका. लहान मुलांचा पाय सपाट दिसतोच, कमान हळूहळू सहा ते आठ-दहा वर्षांपर्यंत वर येते. त्याला चवड्यांवर उभं करा. टाचा उचलल्यावर खळगा दिसू लागला, दुखत नाही, पळतो-खेळतो, तर पाय निरोगी आहे. मणिपालच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2,300 मुलांच्या पावलांचे ठसे पाहिले, 1992 मध्ये ते प्रसिद्ध झालं. बूट-चप्पल घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के होते, अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांत जास्त. त्याच्या आईला सांगा की अंगणात, मातीत अनवाणी पळू दे. चवड्यांवर उभं राहूनही खळगा येत नसेल, पाय ताठ असेल किंवा दुखत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मायचे ठसे आणि कागदावरची रेघ मला पाठवा, कमानीची खूण मी पाहून देते. बसलेल्या आणि उभ्या उंचीचे आकडे सोबत लिहा. आणि प्रत्येक कागदावर डावा की उजवा, आतली बाजू कोणती आणि वरची बाजू कोणती, हे घेतानाच लिहा. कागद उलटला की उजवा पाय डावा होतो, आणि अशा उलट्या कागदावरून बनवलेला एक जोड मी स्वतः कापून फेकलाय.